माणूस गावाचा कसा होतो? कोल्हापूरवरून समजून घेऊ

कोल्हापुरात नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पेठ कुठली?" शिवाजी पेठ म्हटलं की समोरचा मनात एक हिशेब मांडतो, मंगळवार पेठ म्हटलं की दुसरा. मग तालीम कुठली, कुणाच्यातला, आजोळ कुठलं अशी चौकशी होते आणि पाच मिनिटांत दोघांचा एखादा तरी सामाईक पाहुणा सापडतो. नवख्या माणसाला ही उलटतपासणी वाटते. कोल्हापूरकर मात्र समोरच्याला आपल्या नकाशात कुठं बसवायचं ते बघत असतो.

'मी कोण' याचं उत्तर कुणी एकट्यानं बसून देत नाही. अर्धं उत्तर आपलं असतं, अर्धं आपल्याला ओळखणाऱ्यांचं. या दोन अर्ध्यांचा सांधा सांस्कृतिक वारसा जुळवतो, असं समाजशास्त्रज्ञ सांगतात. आता हा सांधा जुळतो कसा, ते बघायचं तर आधी वारसा कशाला म्हणायचं ते ठरवावं लागेल. कारण वारसा म्हटलं की आपल्याला गड, देऊळ आणि पुतळा एवढंच आठवतं.

युनेस्कोनं २००३ साली अमूर्त सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार केला. त्यात लोकांच्या प्रथा, कौशल्यं, सण, त्यामागचं ज्ञान, इतकंच काय त्यासाठी लागणारी हत्यारं आणि जागाही वारशात धरल्या. त्यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एखादी रीत वारसा आहे की नाही, हे ती पाळणाऱ्या लोकांनी मानलेलं असावं लागतं. वरून कुणी ठरवून चालत नाही. आणि ही रीत एका पिढीकडून दुसरीकडे जाताना सतत नव्यानं घडत राहते, त्यातून माणसांना ओळख आणि सातत्य मिळतं. म्हणजे पन्हाळ्याची तटबंदी वारसा आहेच, जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेलाही. पण गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून काढलेलं धारोष्ण दूध उभ्याउभ्या प्यायची सवय, हीसुद्धा त्याच खात्यात जमा.

गाडीच्या काचेवर 'जगात भारी कोल्हापुरी' लिहिलं की काम झालं, असं वाटणारे पुष्कळ आहेत. अभिमानाला माझी हरकत नाही. फक्त स्टिकर कुणालाही विकत मिळतो आणि त्यासाठी काही शिकावं लागत नाही, कुणासाठी काही करावं लागत नाही. वारशातून ओळख तयार होते ती या दोन गोष्टींमुळे, आणि ते बघायला तालमीसारखी दुसरी जागा नाही.

आधी अंगात, मग डोक्यात

तालमीत नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. हातात खोरं देतात आणि हौद्यातली माती उकरायला लावतात. ही माती साधी नसते. तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवून ती कमावलेली असते. हौद्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा, वस्तादाच्या पाया पडायचं, थोरल्या पैलवानाच्या अंगाची मालीश करायची, बदाम वाटायचे, त्याच्या आधी ताटावर बसायचं नाही. यातलं काही कुणी फळ्यावर लिहून देत नाही. चुकलं की पाठीत एक थाप बसते. वर्षभरानं हाच पोरगा नव्या पोराच्या पाठीत थाप घालत असतो.

पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं यावर बरंच लिहिलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समाज आपल्यात विचारांच्या वाटेनं कमी आणि शरीराच्या सवयींच्या वाटेनं जास्त शिरतो. कसं बसायचं, कुणापुढं आवाज चढवायचा नाही, काय खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं, हे सगळं आपण निवडलेलं नसतं. ते मुरलेलं असतं, म्हणून 'आपलं' वाटतं. तांबडा-पांढरा रस्सा समोर आल्यावर आधी कुठल्या वाटीला हात घालायचा, यावर कोल्हापूरकर विचार करत बसत नाही.

याच तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ काढले, आणि इथं गोष्ट रंगतदार होते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर यांच्यात सामना असला की गल्ल्या ओस पडतात. विश्वचषकाच्या वेळी तर पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, मेस्सीचे कटआउट उभे राहतात. फुटबॉल हा काही पंचगंगेच्या काठचा खेळ नाही. इंग्रजी अमदानीत आला, संस्थानानं त्याला आश्रय दिला आणि तालमींनी तो आपल्या घरात घेतला. आज शिवाजी पेठेतल्या म्हाताऱ्याला फुटबॉल परका आहे असं सांगून बघा! वारसा जुनाच असावा लागतो, हा समज इथं मोडतो. किती वर्षं झाली यापेक्षा तो किती माणसांच्या रोजच्या जगण्यात गुंतलाय, याला जास्त वजन.

सामन्यात कधी कधी हाणामारी होते, तीही समजून घेऊ. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथं शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना क्ली आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुमच्या आवडीप्रमाणे दोन गट पाडलेत. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग त्यांना इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितलं. स्वतःला काही मिळणार नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. गंमत पुढंच आहे: दुसऱ्या गटापेक्षा आपल्याला जास्त मिळावं म्हणून काही वेळा त्यांनी आपल्या गटाला मिळू शकणारी मोठी रक्कमही सोडून दिली.

कुठल्या तरी चित्रकाराच्या नावावर एवढं होतं, तर जिथं आजोबा-पणजोबांनी घाम गाळलाय त्या तालमीच्या नावावर काय होईल? आपण ज्या गटाचे, त्या गटाच्या मानावर आपला मान टांगलेला असतो. संघ जिंकला की 'आम्ही जिंकलो', हरला तरी 'आम्हीच हरलो'. आपलेपणाची ऊब आणि परकेपणाचा विखार एकाच चुलीवर शिजतो. म्हणून वारशावर लिहिताना नुसती गोडी गाऊन भागत नाही.

आठवण एकट्याची नसते

६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं. चौकातली वाहनं थांबली, दुकानदार दुकानाबाहेर आले, माणसं होती तिथं उभी राहिली. त्या गर्दीत महाराजांना पाहिलेलं कुणीही नव्हतं. मग हे सगळे आठवत काय होते?

मॉरिस हाल्बवाक्स या विचारवंतानं १९२० च्या दशकात याचं उत्तर मांडलं. तो म्हणतो, माणूस एकटा आठवत नाही; घर, धर्म, व्यवसाय, गाव अशा चौकटीत आठवतो. चौकट गेली की आठवणही पुसट होते. कोल्हापुरात ही चौकट पावलापावलावर आहे. खासबाग मैदान शाहूंच्या काळातलं, राधानगरीचं धरण त्यांच्या काळात सुरू झालेलं, वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी काढलेली बोर्डिंगं आजही उभी. नळाला पाणी आलं, पोराला वसतिगृहात जागा मिळाली, कुस्तीचं मैदान भरलं, तरी शाहूंचं नाव निघतं. त्यामुळे न पाहिलेला माणूस 'आपले महाराज' होतो.

म्हणूनच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून रडत होते. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून घेतलेलं हे पॅलेस थिएटर. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. आग लागली तो त्यांच्या जयंतीचा आदला दिवस. त्या रात्री विटा-लाकडाबरोबर शेकडो लोकांच्या पहिल्या प्रवेशाची, पहिल्या टाळीची चौकट जळाली. नंतरची पहिली मागणी होती: जसं होतं तसंच उभं करा.

दार कुणासाठी उघडं

आता नाजूक भागाकडे येतो, आणि यावर जरा थांबतो. वारसा आपलेपणा देतो म्हणताना तो कुणाला देतो, हे विचारावंच लागतं.

१८९९ च्या सुमारास खुद्द शाहू महाराजांना पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी कळलं की त्यांच्यासाठी पुरोहित वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतोय. महाराज शूद्र, म्हणून त्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही, असं कारण. गादीवर बसलेल्या राजाला त्याच्याच गावातला पुरोहित सांगत होता, तू कोण आहेस ते. परंपरा माणसाची ओळख कशी ठरवते आणि कशी नाकारते, याचं याहून लखलखीत उदाहरण मला ठाऊक नाही. पुढं २६ जुलै १९०२ ला महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला.

हुकमानं नोकरी मिळते. पंगतीत जागा मिळतेच असं नाही. ते महाराजांना पक्कं माहीत होतं. गंगाराम कांबळे या त्यांच्या पदरच्या नोकराला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हॉटेलात जाणार कोण? तर महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजानं प्यायलेला चहा इतरांना नाकारता येईना. आपलेपणा हा मनातला भाव आहे म्हणतात. मला वाटतं तो आधी व्यवहार असतो. कुणाच्या कपातला चहा कोण पितं, कुणाच्या दारात कोण बसतं, यावरून तो मोजता येतो.

हाच प्रश्न कोल्हापुरी चपलेपाशी परत उभा राहतो. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इथं भडका उडाला. पुढं कंपनीनं प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं कबूल केलं. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं, तेही एकट्या कोल्हापूरला मिळालेलं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. कारागिरी राज्यांच्या सीमा काढण्याआधीची आहे.

ही चप्पल बांधताना एकदा जवळून बघावी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं पाण्यात भिजवून मऊ करतात. मग रापीनं तळाचे तुकडे कापतात, आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवतात. अस्सल पायताणाला खिळा लागत नाही. पट्ट्यावरची बारीक वेणी घालण्याचं काम बहुतेक घरातल्या बायकांचं. शेलक्या 'कापशी' प्रकारच्या चपलेत तळाच्या थरांमध्ये 'विंचू' नावाचा आवाज करणारा भाग बसवतात, त्यामुळे पाऊल टाकलं की करकर वाजतं आणि माणूस येण्याआधी त्याची वर्दी येते.

प्राडाच्या वेळी अख्खं शहर 'चप्पल आमची' म्हणून उठलं. मला त्या रागात एक अडचण दिसली. चामडं कमावणारा ढोर समाज आणि चप्पल बांधणारा चर्मकार समाज यांना पिढ्यान्‌पिढ्या गावानं वेशीवर ठेवलं. त्यांनी बांधलेलं पायताण वाड्यात जायचं, ते मात्र उंबऱ्याबाहेर थांबायचे. वस्तूचा अभिमान सगळ्यांनी वाटून घेतला. करणाऱ्याचा मान मात्र अजून पुरता वाटून झालेला नाही. भाव करताना चप्पल लाईनीत शेवटच्या पन्नास रुपयांसाठी आपण किती घासाघीस करतो, ते आठवलं तरी पुरे.

सणांचंही असंच. मोहरमच्या तारखा चांद्र कालगणनेनं दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतात. गणपती अधिक मासामुळे आपल्या ऋतूत राहतो. त्यामुळे साधारण ३३ वर्षांच्या फेऱ्यात काही वर्षं दोन्ही एकत्र येतात. २०१८, २०१९ आणि २०२० ला तसं झालं. तेव्हा बाबूजमालसारख्या तालमींत गणपती आणि पंजे एकाच छताखाली बसले. दोन आरास करायचा प्रश्नच आला नाही, कारण पंजाची सेवा करणाऱ्या घरांत हिंदूही आहेत. कुरुंदवाडला तर मशिदींत गणपती बसतो. याच शहरात जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून हिंसाचार झाला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. दोन्ही खरं आहे. एकोप्याची परंपरा आहे म्हणून ती आपोआप टिकते असं नाही. दर वर्षी कुणीतरी दोन्ही मंडळांच्या बैठकीला जाऊन बसावं लागतं.

आणि कधी वारसा दुसऱ्याच एका न्याय्य गोष्टीशी भिडतो. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या वनतारा या रिलायन्सशी जोडलेल्या प्राणी-केंद्रात नेली, तेव्हा शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं रडली, मोर्चे निघाले, लोकांनी रिलायन्सच्याच जिओचे सिम बदलले. न्यायालयापुढचा प्रश्न हत्तिणीच्या तब्येतीचा होता, लोकांपुढचा आपल्या घरातलं माणूस नेल्याचा. दोन्ही बाजू एकमेकांना खोट्या वाटल्या. मला कुठलीच खोटी वाटली नाही.

आलेले आणि गेलेले

कोल्हापूरचा म्हणून मिरवला जाणारा बराचसा वारसा बाहेरून आलेल्यांचा आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ शाहूंच्या दरबारात आले आणि त्यांची गायकी इथल्या मातीत रुजली. पुढं धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी ती त्यांच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून, घेतली. पंजाबातले पैलवान इथं कुस्त्या करायला आले. १९५२ ला हेलसिंकीत पदक जिंकणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. पण शिकायला राजाराम कॉलेजात, आणि त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवल्याची गोष्ट इथं अजून सांगतात. अहो, शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक आलेले!

बाहेरचा माणूस 'आपला' कधी झाला, याची एक साधी खूण आहे. गल्लीतली पोरं वर्गणीची पावतीबुकं घेऊन दारात आली की समजावं, तुम्हाला मोजलं गेलं. हक्काची चर्चा सगळे करतात, पण आपलेपणाची सुरुवात बऱ्याचदा कुणीतरी आपल्याकडून काही मागण्यापासून होते. इचलकरंजीत यंत्रमागावर आलेल्या उत्तर भारतीय कुटुंबांची दुसरी पिढी आता 'काय भावा' म्हणत मोठी होतेय. त्यांच्या दारात पावतीबुक जातं का, हे तिथल्या मंडळांनी बघायचं आहे.

गेलेल्यांची तऱ्हा वेगळी. आमच्याकडं मुलीसुद्धा 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्यात कॉलेजला गेलेली मुलगी पहिल्या महिन्यात मैत्रिणींच्या हसण्याला वैतागून 'येते', 'जाते' म्हणायला लागते. रात्री आईचा फोन आला की त्याच तोंडातून 'व्हय, जेवलो' निघतं. यात ढोंग काहीच नाही. माणसाच्या ओळखी एकाहून जास्त असतात आणि समोर कोण आहे त्यावरून त्यातली एक पुढं येते. त्रास तेव्हा होतो, जेव्हा एका जागी दुसरी ओळख लपवावी लागते.

तिच्या मुलांचं काय, हा प्रश्न पुण्या-मुंबईतले कोल्हापूरकर मला नेहमी विचारतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल वीस प्रश्न विचारले: आजी-आजोबा कुठं वाढले, आईवडील कसे भेटले, घरावर कुठलं संकट आलं होतं. ज्यांना जास्त उत्तरं माहीत होती, त्या मुलांचा आत्मविश्वास जास्त दिसला. उत्तरं पाठ करून घेतली की पोरगं धीट होईल, असा याचा अर्थ नव्हे. ज्या घरात गप्पा होतात त्या घरात बाकीचंही बरंच चांगलं असतं. त्या संशोधकांना आणखी एक दिसलं. 'आपलं घराणं कायम वरचढ' अशी गोष्ट ऐकलेल्यांपेक्षा 'चढलो, पडलो, परत उभे राहिलो' अशी गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खंबीर होती.

तेव्हा सुट्टीत पोरांना अंबाबाई, रंकाळा आणि मिसळ जरूर दाखवावी. त्याबरोबर शाहू मिल बंद पडली तेव्हा घर कशावर चाललं, आजोबांना पहिल्या कुस्तीत कुणी चितपट केलं, २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं आणि त्या रात्री कुणी दार उघडलं, तेही सांगावं. आजोबा अजून असतील तर त्यांनाच सांगू द्यावं. मध्ये टोकू नये.